राणीच्या कानामागची गाठ

सातारा, मंगळवार संध्याकाळ

सुभेदार आबा आज त्यांच्या राणीला घेऊन आले. कुत्र्यांचे केस विंचरायचं काम घरी सुरू केल्यापासून इतकी भेदरलेली कुत्री पाहिली नव्हती. आबांची बायको, आमच्या काकी, वारल्यापासून राणीने कुणाला अंगाला हात लावू दिलेला नाही. कानामागे केसांची अशी गाठ झालेली की कातडी ओढली जात होती. एका दुकानात तिचं तोंड बांधून केस कापायला गेले, तर थरथरत मुतली म्हणे.

केस कापायचं मशीन लांब ठेवलं. मी जमिनीवर बसले, तिला फणी हुंगू दिली. गाठीजवळ हात गेला की गुरगुरायची. मी थांबायचे.

“आबा, तुम्ही बोला तिच्याशी.”

“काय बोलू? घरात बोलायचंच सुटलंय माझं.”

मग आबा खाली बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. “राणे, ती आता न्हाई यायची गं. आपुन दोघंच हाय.”

हे आधी कुणाजवळ बोलले असतील का? राणीने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं, तेव्हा कात्रीने गाठ हळूच काढली. बाकीचं अंग विंचरायचं तसंच राहिलं. सगळं आजच उरकायला हवं होतं का? नाही.

फणी आबांच्या हातात दिली.

“माझा हात लय जड हाय.”

तरी त्यांनी पाठीपासून सुरुवात केली. राणी झोपली, तरी ते विंचरतच राहिले.