ते दार निळं नव्हतं

ताई,

तर पुन्हा एकदा सांगतो, ते दार निळं नव्हतं. तू परवा फोन मध्येच ठेवून दिलास म्हणून काही ते निळं होत नाही. मी आईलाही विचारलं होतं, तर ती म्हणाली, दाराचा रंग दारासारखाच होता. म्हणजे तिच्याकडून साक्ष काही मिळायची नाही. म्हणून कागदावर लिहितोय. कागद तुला मध्येच कट करता येत नाही, फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशील हे मला माहीत आहे.

नमस्कार राहिला. आईला साष्टांग नमस्कार, भावोजींना नमस्कार (त्यांच्याबद्दल पुढे बरंच लिहिलंय, म्हणून त्यांचा आधीच उरकून घेतो), तुला नमस्कार आणि थोडा राग. आईचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना, की ती झोपायचं सोंग घेते? मी बरा आहे. खोकला आहे, पण तो रंगाच्या वासाचा, आजाराचा नाही. नोकरी अजून तीच आहे, रंगाच्या दुकानातली. सात महिने झाले. तुला खोटं वाटेल, मलाही वाटतं. याआधी मी कुठे सात आठवडे टिकलो नाही. पण इथे दिवसभर डबे ढवळायचे, गिऱ्हाईक सांगेल तो रंग जुळवायचा, आणि ढवळायला लागलं की माझे पाय जरा गप्प बसतात.

आता मूळ भांडण. तू बोलता बोलता म्हणालीस की महिनाअखेरीला लोखंडी दार बसवतोय, बाबांनी रंगवलेलं ते निळं दार एकदाचं जाईल. बसवा, जरूर बसवा. घर तुमचं, दार तुमचं, चोर आले तर तुमच्याकडेच येणार. तसंही त्याच्यावर भावोजींनी दोनदा तपकिरी रंग फासलाय, त्यामुळे बाबांचं असं त्यात दिसण्यासारखं काही उरलेलं नाही. दाराशी माझं काही घेणंदेणं नाही. मला फक्त त्याचा रंग हवाय. इथे आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ओळीनं सगळी दारं करडी. कामावरून दमून आलो की मी दर चार दिवसांनी शेजारच्या शिंप्याच्या कुलुपात माझी किल्ली घालतो. शिंपी भला माणूस आहे, आतून नुसता ओरडतो, पुढचं दार. म्हटलं आपलं दार आपल्या घरच्या रंगाचं करावं. घरमालकीण म्हणाली, एकदा रंगवा, पण एकदाच. म्हणून तुझ्याकडे तो फोटो मागितला. तो रंग कुठल्याच शेड कार्डात नाही, आणि का नाही ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. बाबांनी तो डब्यांच्या तळातनं बनवला होता. दवाखान्याच्या भिंतीचा उरलेला राखाडी, शाळेच्या व्हरांड्याचा हिरवा आणि आणखी कसलासा. मी अंगणात उकिडवा बसून काठीनं ढवळत होतो, बाबा वरून टर्पेंटाइन ओतत होते. गरगर फिरणारे पट्टे एकमेकांत शिरले आणि अचानक एकच रंग झाला तेव्हा बाबा म्हणाले, बघ, हा जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्या दिवशी मी शाळेत गेलो नव्हतो. (बऱ्याच दिवशी गेलो नव्हतो, पण त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही.)

फोटो तोच, एकुलता एक. दारासमोर मधे आई, एका बाजूला तू दोन वेण्या घालून, दुसऱ्या बाजूला मी, चड्डी एका हातानं धरलेली. बाबांनी ज्यांचं घर रंगवलं त्यांचा कॅमेरा तासाभरासाठी मागून आणला होता, आणि फोटो काढताना उजव्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचाच अंगठा आला. नखावर दाराचा रंग. बाबांचा म्हणून वेगळा फोटो आहे तो ओळखपत्रावरचा, त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. त्यामुळे माझ्या लेखी तो अंगठा हाच बाबांचा खरा फोटो.

आता तू काय काय पाठवलंस ते ऐक. पहिल्या वेळी तू फोटो भिंतीवरून न उतरवता, काच तशीच ठेवून, वर ट्यूबलाइट लावून काढलास. आईच्या जागी ट्यूबलाइट उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपण दोघं. दुसऱ्या वेळी ट्यूब बंद करून स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलास. दार आलं मोहरीच्या फुलांसारखं पिवळं. मी मूर्ख, त्यावर विश्वास ठेवला. फोन दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनशेजारी धरून अर्धा लिटर रंग जुळवला आणि दार रंगवलं. सकाळी घरमालकीण समोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, तुमच्या दाराला कावीळ झालीय का? मी सांगितलं, हे नुसतं अस्तर आहे. (इथून पुढे मी त्या बाईशी खरं बोललेलो नाही.)

तिसऱ्या वेळची गोष्ट जास्त दुःखाची. तू तो फोटो भावोजींना दिलास, भावोजींनी घरच्या ग्रुपवर टाकला, काकांनी तिथून उचलून त्यावर चार गुलाब आणि शुभ सकाळ असं लिहिलं, आणि ते कुठे कुठे फिरून मला आमच्या दुकानातल्या हमालाकडून आलं. तो म्हणाला, बघा किती छान कुटुंब आहे. माझंच कुटुंब मला लोकांकडून पोचतंय. तोवर तू फोनची जागा भरली म्हणून आपला फोटो पुसून टाकला होतास, आणि मी मागितल्यावर तो गुलाबांचाच परत पाठवलास. मी मोठा करून बघितला. आईचं नाक म्हणजे चार चौकोन, तुझ्या वेण्या म्हणजे जिना, आणि दार जांभळ्या बाजूला झुकलेलं. तोही जुळवला. रात्रपाळीवरून येणारा शिंप्याचा भाऊ सरळ माझ्या खोलीत येऊन बूट काढायला लागला, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की कावीळवाल्याच्या शेजारचं दार आपलं, आणि काविळीचं दार त्याला कुठे सापडेना.

आणि मग भावोजी. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी दहा वेळा स्वतःला सांगितलंय. त्यांनी कसल्याशा ॲपमध्ये घालून फोटो सुधारला. आई गोरी झाली, तिला पापण्या फुटल्या, दात एकसारखे झाले. तुझे केस दाट झाले म्हणून तू काही बोलली नाहीस. माझ्या चड्डी धरलेल्या हाताला सहा बोटं आली. दार निळंशार झालं आणि तू लगेच लिहिलंस, बघ, निळंच होतं. पण ताई, उजव्या कोपऱ्यात बघितलंस का? अंगठा नाही. ॲपला वाटलं, डाग आहे. पुसून तिथे स्वच्छ अंगण काढलं. त्या दिवशी मी दार रंगवलं नाही. जेवलोही नाही, पण ते तू आईला सांगू नकोस.

आमच्या दुकानाशेजारी एक फोटोवाला आहे, लोकांचे जुने फोटो मोठे करून देतो. फारसा बोलत नाही, बोलला की तुसडं बोलतो. त्याला चारही दाखवले. तो म्हणाला, हा फोटो नाही, ही फोटोची अफवा आहे. मग त्यानं समजावलं. फोटो म्हणून पाठवला की फोन तो दाबून लहान करतो, बॅग बंद होईना की आपण तिच्यावर बसतो तसा. दर पाठवणीला नवा माणूस बसतो. आणि फोटोबरोबर रंगाची एक चिठ्ठी असते, हा हिरवा कुठला, हा लाल कुठला, ती वाटेत गळून पडली की पुढचा फोन मनाला येईल तसा रंग लावतो. मी म्हटलं, मग आमच्या बहीणभावात खरं कोण? तो म्हणाला, कुणीच नाही. घरातला कागदी फोटोही इतक्या वर्षांत लालसर झाला असेल. तुम्ही ज्या रंगावरून भांडताय तो कागदावरून केव्हाच निघून गेलाय.

तरी त्यानं सांगितलं ते लिहितो. फोटो चौकटीतून बाहेर काढ, काच बाजूला ठेव. सकाळी खिडकीशी, पण ऊन नको. फ्लॅश नको. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेव, म्हणजे पांढरं कुठलं ते मला कळेल आणि बाकीचं मी त्यावरून ओळखीन, तेवढी माझी नजर आता झालीय. फोन हलवू नकोस. आणि पाठवताना फोटो म्हणून नको, ते कागद अडकवायच्या क्लिपचं चित्र असतं ना, तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठव, सरळ मला. ग्रुपवर नको. काकांना अजिबात नको.

आईच्या पायाला हात लावून माझा नमस्कार सांग. तुझा, कामावर टिकलेला, धाकटा.

ता. क. पत्र संपवून पाकीट चिकटवणार तेवढ्यात आठवलं. बाबा दार रंगवताना बिजागऱ्या काढून ठेवायचे. बिजागरीखालचं लाकूड कुणी बघत नाही, पण दार स्वतः बघतं, असं म्हणायचे. भावोजींनी मात्र दोन्ही वेळा बिजागऱ्यांवरूनच ब्रश फिरवलाय (नमस्कार आधीच घातलाय). म्हणजे त्या पत्र्याखाली बाबांचा रंग जसाच्या तसा आहे. ऊन लागलेलं नाही, फोनात गेलेला नाही. तेव्हा रंगासाठी मला आता फोटो नको. फोटो तरीही पाठव, अंगठ्यासाठी.

दुसरा ता. क. तो तिसरा डबा, कसलासा असं वर लिहिलंय तो, निळा होता. कुणाच्या तरी कपाटाचा. मीच ओतला होता. जेमतेम वाटीभर. तू शिवणाच्या क्लासवरून संध्याकाळी यायचीस, तेव्हा त्या उजेडात तेवढाच वर येत असेल. यावरून मला चिडवायचं असेल तर पत्रानं चिडव, फोनवर नको.

शेवटचं. दार माझ्या खोलीला बसणार नाही. इथली चौकट चार बोटं आखूड आहे, मोजली मी. तरी ते देऊ नकोस. आईच्या पलंगामागे भिंतीला उभं करून ठेव, बिजागऱ्या फक्त चौकटीकडून सोडवा, दाराच्या बाजूला हात लावू नका, तिथल्या मी येऊन उघडीन. भंगारवाला चारशे देतोय असं तू म्हणाली होतीस. भावोजींचं नुकसान व्हायला नको. या पत्राबरोबरच पाठवतोय, चारशे एक.