विटेने घासलेले हात

ब्राझिलेया, ९ ऑगस्ट

ओस्मार,

विल्नेरच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत, म्हणून त्याला तुझ्या कोंबड्या कापायच्या कारखान्यातून काढलंस. वर लिहितोस, "ताई, माणूस पारखण्यात चुकलीस." मी चुकले नव्हते, मी तुला फसवलं. हे कळलं तर माझ्या शब्दावर तू मी चालवते त्या निर्वासितांच्या छावणीतून पुन्हा एकालाही कामावर नेणार नाहीस, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तू प्रत्येकाचा तळवा चाचपतोस. घट्टे नसतील, तर ट्रकमध्ये जागा नाही. विल्नेर हैतीत फ्रेंचचा मास्तर होता. त्याला मी आठ दिवस तळव्यांवर वीट घासायला लावली.

"बाई, हे हात खडूचे आहेत," तो हसायचा.

"खडूवर पोट भरतं का इथे? घास!" कॉलेजात शिकलेल्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी दटावायचे. दोनशे जणांसाठीच्या छावणीत हजार माणसं होती. एक जण कमी झाला तरी मला हवंच होतं.

तू तळवा दाबून म्हणालास, "हा गडी पक्का!"

तू माणसं ट्रकमध्ये चढवत होतास, तेव्हा गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना फ्रेंच शिकवणारं कुणी हवं होतं. यादीत विल्नेरच्या नावापुढे 'गेला' अशी माझी खूण झालेली होती.

"असं इथे कोणी नाही," मी म्हणाले.

तो शेजारीच उभा होता. आपली पोर्तुगीज भाषा त्याला अजून कळत नव्हती.

"बाई, त्या काय विचारत होत्या?"

"काही नाही. चढ लवकर."

तुझी ताई,
इरासेमा