अकरा सेकंदांची नळी

ती. ताईस, तुझ्या धाकट्या आणि अजून अर्धवटच असलेल्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला, की घरात सगळ्यांना त्याची सवय झाली? मी ठणठणीत आहे, म्हणजे शरीराने. बाकीचं बसून वाच.

माझं नेमकं काम काय, असं तू मागे विचारलं होतंस. तर मेंदूच्या पेशीत एक एन्झाइम असतं. पेशी स्वतः चेतली की तिच्यात कॅल्शियम शिरतं, हा एक निरोप. 'शाब्बास, हे लक्षात ठेव' असं सांगणारं रसायन बाहेरून येतं, हा दुसरा. एकटादुकटा निरोप आला तर हे महाशय फारसे हलत नाहीत. दोन्ही एक-दोन सेकंदांत आले की मात्र कंबर कसून कामाला लागतात आणि पेशी शिकते. (लहानपणी आईने नुसती हाक मारली तर मी उठत नसे, नुसता स्वयंपाकघरातून वास आला तरी नाही, दोन्ही एकदम झालं की ताटावर हजर. तसंच.)

मी दोन नळ्यांनी पेशींवर दोन रसायनं सोडतो, एक पेशी चेतवणारं आणि दुसरं शाबासकीचं, आणि एन्झाइम किती जागं होतं ते मोजतो. सात महिने मोजलं. हूं नाही की चूं नाही. शेवटी सगळ्या विभागासमोर, बेचाळीस आलेख दाखवून, मी जाहीर केलं की या एन्झाइमचा शिकण्याशी काडीचा संबंध नाही. टाळ्या पडल्या (तुरळक, पण पडल्या). आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, वीस वर्षं तिथली उपकरणं सांभाळतात, मागच्या रांगेत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या एका नळीत निळी शाई सोडली आणि मनगटावरचं घड्याळ बघत उभ्या राहिल्या.

"अकरा सेकंद," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ ते बिचारं कुणाची वाट बघणार?"

झालं होतं असं, की दुसरा पंप खिडकीपाशी होता. दर वेळी उठायचा कंटाळा, म्हणून मी तो खुर्चीजवळ ओढला आणि नळी चांगली दोन हात वाढवली. पहिला निरोप निवून जायचा, मग दुसरा रमतगमत पोचायचा. माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. पदवी वर्षभर लांबली. ताई, मला फार लाज वाटली. तिकडे बाबांनी दारावर माझी 'डॉ.' लावलेली पाटी ठोकून पंधरा दिवस झालेत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवतात.

नळी आता कापली आहे. काल एन्झाइम पहिल्यांदा जागं झालं आणि मी एकटाच नाचलो.

दाजींना नमस्कार, भाचीला पापा.

तुझा
धाकटा

ता.क. बाबांना हे तूच सांग. मी फोन केला की ते आधी पाटीचंच काढतात आणि माझं तोंड उघडत नाही. पाटी उतरवायला सांगू नकोस. काही दिवस तिच्यावर कॅलेंडर टांगा म्हणावं.

आणखी एक ता.क. आज जुनी वही चाळली. पहिल्याच आठवड्यातलं पान: 'बाईंची सूचना. दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या ठेवणे.' अक्षर माझंच, खाली दोन रेघाही माझ्याच. शिकण्यावर संशोधन करणाऱ्या माणसाची ही तऱ्हा! एवढं मात्र बाबांना कळू देऊ नकोस. बाईंना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेघा मीच मारायला लावल्या होत्या."