जागरणाचे काळे फोटो

सोमवार, २ फेब्रुवारी
काम पक्कं झालं! सुलक्षणाताईंनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी भांडगावहून शिरूरला पोचलेसुद्धा. खाली त्यांचं फोटोचं दुकान, वर एडिटिंगची खोली. खुर्ची मऊ, कॉम्प्युटर नवा. माझ्याआधी दत्ता होता. फोटो काढायचा, एडिटिंगही करायचा. दुकानात त्याचा हसरा फोटो आहे. तो न सांगता निघून गेला. ताई म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या पोरीशी फोनवर गुलूगुलू चालायचं, मी झापलं, गेला असंल पुण्याला काळं तोंड घेऊन. तू तरी टिक गं बाई.

मंगळवार, ३
पहिलं मोठं काम. कवठे येमाईच्या मारुतरावांकडचं, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांकडचं जागरण, त्यांच्या थोरल्या मुलाच्या, हनुमंतच्या लग्नानंतरचं. फोटो दत्तानंच काढलेले. कॅमेरा, आतल्या मेमरी कार्डासकट, हनुमंत घेऊन आला. तुमचा फोटोवाला कॅमेरा टाकून पळाला, असं वर सुनावून गेला.

देवापुढं फ्लॅश मारायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. नुसत्या दिवटीच्या उजेडातले फोटो, त्यामुळे सगळे काळपट, रवाळ, बारीक ठिपक्यांनी भरलेले. स्वतः व्हिडिओ करायला मोकळं राहावं म्हणून दत्तानं कॅमेरा स्टँडवर लावलेला, फोटो आपोआप निघत राहतील असा. अंधार थोडा थोडा उचलायचा, मग रवा पुसायचा. घाई केली तर माणसं मेणाची दिसतात. दिवसभरात मांडव उजळला, भंडाऱ्याचा पिवळा रंग वर आला. मजा आली.

बुधवार, ४
ताईंची पद्धत अशी, की तयार झालेला फोटो लगेच घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. अल्बमला कुठला घ्यायचा ते त्यांनीच ठरवायचं. हनुमंतच्या आई गिताबाई आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. आगं बया, जरा गोरं कर की, जावा हसत्यात मला. त्यावर हनुमंतनं लिहिलं, म्हातारीला परत नवरी करा. त्याची बहीण हर्षदा ग्रुपमध्ये आहे, पण काही बोलत नाही.

शेवटच्या बऱ्याच फ्रेम पार काळ्या आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर काहीच दिसत नाही. एक-एक बघत बसण्यापेक्षा सगळ्या एकदम कॉम्प्युटरला लावून दिल्या, आपोआप होतील अशा. उजेड वाढव, रवा पूस, ग्रुपवर टाक. आता जेवायला जाते.

बुधवार, जेवणानंतर
पहिली उजळलेली फ्रेम. जागरण संपलेलं. मांडव रिकामा, मागं कडब्याची गंजी. दत्ता गुडघ्यावर बसलाय. हनुमंतच्या हातात उसाचा कोयता.

पुढच्या फ्रेममध्ये दत्ताचा हात खांद्यापासून लोंबतोय. तो कॅमेऱ्याकडं सरपटतोय. मारुतरावांनी त्याचे पाय धरलेत, बकऱ्याचे धरतात तसे. मग जबडा. मग जबडा नाही.

गिताबाईंनी हर्षदाचे केस धरून तिचं तोंड तिकडं वळवलंय. बघायला लावलंय.

एकही फ्रेम मेणाची झाली नाही. सगळं स्वच्छ.

सगळ्या ग्रुपवर गेल्यात.

थोड्या वेळानं
मी डिलीट केलं. पण त्यांनी बघितलंय. हनुमंतनं एवढंच लिहिलं — ताई, लई क्लिअर काढलं. कार्ड घिऊन थांबा, येतोच.

सुलक्षणाताई दौंडला, ऑर्डरवर. फोन उचलत नाहीत. एकशेबारावर पोलिसांना फोन लागला. गाडी निघाली म्हणाले, आतून कडी लावून बसा.

हर्षदाचा फोन आला. कुजबुजत होती. पळ म्हणाली, दादा मगाच निघालाय, आप्पा बी संगं हायेत. मग मागून गिताबाई, फोन कुणाला लावला म्हणून — मग काहीतरी जड, लाकडी — हर्षदा ओरडली, एकदाच. नंतर नुसते फटके. ओले. फोन चालूच होता. मीच बंद केला.

खाली गाडी थांबली. सायरन नाही.

खिडकीखाली बसणारा हारवाला त्यांना सांगतोय, व्हय की, वर हाय पोरगी, एकलीच हाय —

जिन्यावर दोघं.

पोलीस आले तर — कार्ड मी खिडकीतून हारवाल्याच्या फुलांच्या पाटीत टाकलंय, झेंडूच्या खाली — दत्ता सगळा त्यात आहे — ते येतीलच, निघालेत म्हणाले — दाराची फळी चिरली, पातं आत आलं, आता कडी —