ठेंगण्या ओट्याचे घर

मी, धंद्याने सुतार, वय सत्तरीपुढे, शाळा जेमतेम आणि बाकीचे शिक्षण लाकडाकडून, आज शुद्धीवर असताना आणि कोणी माझा हात धरून लिहवत नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. कान मंद झाले आहेत, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात कानांचा उल्लेख नाही, हे त्यांचे उपकार.

१. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. कारण कलम तीनमध्ये आहे. पुतण्याने ते शांतपणे वाचावे.

२. माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. सगळी वस्ती तिला आक्का म्हणे आणि त्या नात्याने मला दाजी. घरात मी तिला 'अगं'पलीकडे हाक मारली नाही, म्हणून इथेही आक्काच लिहितो. तिचे पाय लहानपणीच गेले होते, पण अपंगांच्या कामासाठी चाकाच्या खुर्चीतून तिने जेवढी पायपीट केली तेवढी कोणा धडधाकटाने केली नसेल. ती कोणाच्या वतीने बोलत नसे, नुसती शेजारी बसे. कचेरीतल्या साहेबाने खुर्चीतल्या माणसाला सोडून ढकलणाऱ्याला विचारले, "यांना काय हवंय?" की आक्काला खोकला येई. साहेबाचे तोंड योग्य माणसाकडे वळेपर्यंत तो थांबत नसे. एका बँकेने रॅम्प बांधला आणि त्यावर कुंड्या मांडल्या. आक्का रोज झारी घेऊन जाई. "वरच्या झाडांना पाणी घालायचंय, खालच्या कुंड्या जरा बाजूला घेता का?" मॅनेजर कुंड्या हलवून हलवून टेकीला आला आणि रॅम्प मोकळा झाला. हे इथे लिहितो, कारण मला दुसरीकडे कुठे लिहायचे माहीत नाही.

३. घर. ते मी आक्काच्या बसत्या उंचीला बांधले. ओटा ठेंगणा, दिव्यांची बटणे ठेंगणी, कड्या ठेंगण्या, आरसासुद्धा. ताठ उभा राहिलो तर मला आरशात माझे पोट दिसे. ती होती तोवर वाकण्याचे काही वाटले नाही, कारण वाकले की समोर ती असे. ती गेली आणि पाठ दुखायला लागली.

पुतण्या म्हणाला, "काका, हा काय भातुकलीचा संसार? ओटा वर घ्या, बटणं वर घ्या, भाडेकरू रांगेत उभे राहतील."

"उभे राहतील, तेच तर," मी म्हणालो. त्याला कळले नाही.

म्हणून पहिल्या मृत्युपत्रात मी घर माझ्यामागे शिंपिणीला दिले. ही आक्काच्या हाताखाली तयार झालेली. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत हाताच्या मशीनवर कपडे शिवायची. पायांत बळ नाही. खाली यायचे तर शेजारचा हमाल तिला पाठीवर घेई. मी मोठ्या हौसेने तिला कागद वाचून दाखवला. तिने मशीन थांबवले नाही.

"म्हणजे दाजी, आता मी तुमच्या मरणाची वाट बघत बसू?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं? जिन्यात पावलं वाजली की मनात यायचं, आली वाटतं बातमी. असलं घर नको मला."

"मग आत्ताच ये राहायला. मी माळ्यावर झोपेन."

"आणि लोकांची तोंडं? मी कपडे शिवते, तोंडं नाही."

मग मी म्हणालो, आपण जागा बदलू. तेव्हा मशीन थांबले.

"तुम्हाला हा जिना चढवेल?"

"चढवेल तोवर चढेन. उतरवायला चौघं मिळतातच."

ती हसली नाही. म्हणाली, "आक्कासारखं दार उघडं ठेवणं मला जमणार नाही. दिवसभर माणसं आली की मला कंटाळा येतो." मी म्हणालो, दार तुझे. उघड नाहीतर लाव. कडी तुझ्या हाताला येते, तेवढे पुरे.

तेव्हा घर या कागदात नाही. त्याचे बक्षीसपत्र झाले, नोंदले गेले. पुतण्याने वकिलाच्या पायऱ्या झिजवू नयेत.

मी आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथला ओटा माझ्या कमरेला बरोबर लागतो. पहिल्या सकाळी चहा करताना सवयीने वाकलो, तर खाली नुसती हवा होती. खिडकीतून कोपरा दिसतो. शिंपीण खुर्ची चालवत भाजी आणायला जाते, दुकानदाराशी भांडते, परतते. वर बघत नाही. जिथून सुटलो तिकडे कोण बघते? मला राग नाही. ती कधी वर येऊ शकणार नाही, हे जागा बदलताना मला ठाऊक होते.

४. आक्काची शोकसभा ज्या समितीने घेतली त्या समितीला काहीही नाही. सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आक्काची सगळी माणसे खाली आवारात बसली, मीही त्यांच्यात, आणि वरच्यांचे अश्रू भोंग्यातून ऐकले. समितीतली माणसे वाईट नाहीत. त्यांना फक्त जिना दिसत नाही.

५. रंधे, पटाश्या, करवती एका हाताच्या सुताराला. त्याच्याशी माझे जुने वाकडे आहे: तो एका हाताने माझ्याहून साफ रंधा मारतो आणि तसे बोलूनही दाखवतो.

६. बँकेतली शिल्लक आणि शिसवी कपाट पुतण्याला. कपाट त्याच्या दारातून आत जाणार नाही. त्याने दार मोठे करावे, कपाट कापू नये.

७. आक्काची खुर्ची तिच्याच सांगण्यावरून गरजवंताला दिली. खुर्चीतली उशी माझ्याकडे आहे. ती कोणालाही नाही. माझ्याबरोबर जाऊ द्या.

हमाल आणि शिंपीण यांना या कागदाने मी कवडीही दिलेली नाही. म्हणूनच ते साक्षीदार होऊ शकतात, असे वकील म्हणाले. मात्र मी सही करताना दोघांनी समोर असायला हवे. वरून निरोप पाठवला, तर शिंपिणीचे उत्तर आले, "येते, पण जिन्याशी या." आली, आणि बराच वेळ बसली.

सही: (सुतार)

साक्षीदार: १. हमाल, शेजारी (अंगठा)
२. शिंपीण (सही)

स्थळ: जिन्याची सर्वांत खालची पायरी
दिनांक: ११ मार्च