स्पंजच्या पोटात

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र आलंय म्हणून दचकू नकोस. फोन भावोजीच उचलतात, आणि त्यांचा आवाज ऐकला असता तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. आमच्या लॅबचा ड्रायव्हर तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

माझं काम तुला ठाऊक आहेच. भावोजी सगळ्यांना सांगतात ना, आमची मेव्हणी कॅन्सर पाळते म्हणून! समुद्री शेवाळ आणि खेकड्याच्या कवचातून काढलेल्या पदार्थांचा आम्ही बोटाच्या पेराएवढा स्पंज बनवतो आणि त्याच्या भोकाभोकांत कॅन्सरच्या पेशी वाढवतो. काचेच्या बशीत त्या नुसत्या सपाट पसरतात. स्पंजात मात्र शरीरातल्यासारखी गाठ धरतात. मग औषध टाकायचं आणि रंग घालायचा. मेलेली पेशी लाल दिसते, जिवंत हिरवी.

नव्या औषधानं बशीतल्या पेशी मेल्या. स्पंजही लालभडक झाला. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि मी हुरळून तुम्हाला फोन केला. भावोजींना तेवढंच हवं होतं. जन्मभर कात्री चालवणारा शिंपी, पण कॅन्सरच्या गाठीसाठी स्वतःच्या पोटाला सुरी लागणार म्हटल्यावर पार गर्भगळीत झालेला. त्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलं आणि हॉस्पिटलात पेशंटवर चाललेल्या या औषधाच्या चाचणीत नाव घातलं.

आज सकाळी एक वाकडा स्पंज भिंगाखाली नीट बसेना. वैतागून मी ब्लेडनं त्याचे दोन तुकडे केले. ताई, आत सगळं हिरवंगार! मी तशीच सरांकडे धावले. सरांनी आधी मलाच झापलं, रंग चुकला असेल म्हणाले. मग त्यांनी स्वतः दुसरा कापला, तिसरा कापला आणि मटकन खुर्चीत बसले. कापलेला स्पंज पुढच्या तपासणीला उरत नाही, म्हणून कोणी कापतच नव्हतं. इतके दिवस आम्ही न कापताच कलिंगड गोड आहे म्हणून सांगत होतो. मला अजून खरं वाटत नाहीये. जेवणाचा डबा तसाच पडलाय.

सरांनी हॉस्पिटलला कळवलंय, चाचणी थांबेल. पण मी भावोजींना ओळखते. ते म्हणतील, घाई कशाला, मेव्हणी करेल दुरुस्त, आपण थांबू. मला दुरुस्त करायला वर्षं लागतील गं. गाठ अजून एकाच जागी आहे, आत्ता काढता येईल, असं सर्जन म्हणालेत ना? मग उद्याच भावोजींना घेऊन त्यांच्याकडे जा. रड, भांड, अबोला धर, काहीही कर, पण त्यांना थांबू देऊ नकोस. माझं ते नेहमी ऐकतात, म्हणून माझ्याच शब्दांत सांग: 'भावोजी, औषध आतपर्यंत पोचत नाही. सुरी पोचते.'

तुझीच,
धाकटी