पहिला कॉर्नेट आणि फिलूचा पंप

१० ऑक्टो. १९८२, रवि.
आचोळ्याला लग्न. नवरी मांडवाच्या दाराशी आली आणि माझ्या पितळी कॉर्नेटचा लांब सूर मध्येच तुटला. इनासने दुसऱ्या कॉर्नेटवरून तो उचलला, म्हणून लोकांना कळलं नाही. बँडवाल्यांना कळलं. घशात केस अडकला म्हणून सांगितलं. तीस वर्षं वटारच्या बँडचा पहिला कॉर्नेट मी वाजवतो, माझ्या घशात केस अडकत नाही हे त्यांनाही ठाऊक.
घरी आल्यावर छातीत शिट्टी. आडवं होता येईना.

१२ ऑक्टो.
मार्थाने अडुळसा उकळून दिला. नवऱ्यापेक्षा गावाची काळजी जास्त. "लोकं क्षय म्हणतील. पोरगी डॉक्टर आणि बाप खोकतोय!" फिलूला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं.
ओटीवर दवाखाना उघडल्याला सहा महिने होतील. दारावर पाटी, डॉ. फिलोमिना, एम.बी.बी.एस. जाता-येता वाचतो. पाठ आहे, तरी वाचतो. पण बाकावर माणसं बाहेरगावची. आपल्या गावाला ही अजून माझी, बस्त्यावची फिलूच.

१५ ऑक्टो.
लपलं नाही. सकाळी केळीत पाणी लावताना धाप लागली, फिलूने ओटीवरून पाहिलं. हाक मारली नाही, हुकूम सोडला, "दवाखान्यात या." घरात मला तू म्हणते, दवाखान्यात तुम्ही. बाकावर दोन बायका आधी होत्या, तर म्हणे रांगेत बसा. माझ्याच ओटीवर! राग आला. आणि खरं लिहायचं तर बरंही वाटलं.
पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. कधीपासून, पहाटे जास्त का, धुराने वाढतं का, लहानपणी होतं का? धाप लागली की आईकडे जायचो ते आठवलं, आई छातीला तेल चोळायची. आधी छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं.

१९ ऑक्टो.
वसईला काढलेला फोटो स्वच्छ. क्षय नाही. मार्था देवासमोर मेणबत्ती लावून रडली.
फिलूने काटा असलेली एक नळी दिली, जोरात फुंका. फुंकली. मग औषधाची वाफ दिली, बसवून ठेवलं, पुन्हा फुंकायला लावलं. काटा बराच पुढे गेला. ती काट्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. "दमा. छातीतल्या नळ्या आवळतात, औषधाने मोकळ्या होतात. म्हणून ती शिट्टी."
दमा म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं असं मी समजत होतो. बाजा बंद करायचा का, विचारायला तोंड उघडेना. तीच म्हणाली, "वाजवा. पण औषधाचे हे दोन पंप मी सांगेन तसे." एक छाती भरली की. दुसरा रोज दोनदा, बरं वाटलं तरी, आणि वर चूळ भरायची. कसा घ्यायचा ते सांगत होती तेवढ्यात ताप आलेलं मूल आलं. मी म्हटलं, समजलं मला. तोंडाला लावायच्या वस्तूंचं मला काय शिकवते!

२ नोव्हें.
पंपाने काडीचा फरक नाही. देवळाच्या सणाच्या मिरवणुकीत पहिला सूर माझा असतो. इनास रोज विचारतो, "जमेल ना रे? नायतर मी हाय." स्वतः बिड्या ओढून खोकतो आणि माझी चौकशी.

४ नोव्हें.
आज फिलू जेवली नाही. "माझं निदान चुकलं असेल पप्पा. मुंबईला आमच्या सरांना दाखवू या." असा तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. मग म्हणाली, एकदा माझ्यासमोर घे.
घेतला. ओठ आवळून बसवले, पंप दाबला आणि दिला जोर.
ती स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरे फुंकतोयस! ओढायचं असतं!"
सगळं औषध रोज हवेत. इतक्या वर्षांचे ओठ, धातूचं तोंडाला लागलं की वारा बाहेरच जाणार. आधी सगळा श्वास सोडायचा, मग दाबत सावकाश ओढायचं, मग धरायचं. धरायला मात्र मला शिकवावं लागलं नाही.

१३ नोव्हें.
आडवा झोपतो. शिट्टी नाही. केळीत उभं राहून लांब सूर लावला, विहिरीवरून मार्था ओरडली, पुरे आता. मी नाही थांबलो.
फिलूचं एकच म्हणणं, वाजवण्याआधी पंप घ्यायचा. देवळासमोर? सगळ्या गावात? शक्य नाही. देवळामागे जाऊन घेईन.

२१ नोव्हें., रवि. सण.
देवळातली मिस्सा सुटली, मूर्ती बाहेर आली आणि कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. धूर सरळ आमच्या अंगावर. छाती आवळली. देवळामागे जायला वेळ नाही, फादर थांबलेले, इनासने कॉर्नेट वर उचललेला. मी हात केला, थांब. कोटातून पंप काढला आणि सगळ्यांदेखत ओढला.
ढोलवाला म्हणतो, "बस्त्याव, ही कोनती नवी दारू?"
म्हटलं, "माझ्या लेकीची."
हसले सगळे. हसू देत. नळ्या मोकळ्या होईपर्यंत अख्खी मिरवणूक थांबवून ठेवली, आणि मग सूर लावला. तुटला नाही. क्रुसापर्यंत वाजवत गेलो. बायकांत फिलू उभी होती, माझ्याबरोबर श्वास धरून. सूर संपला तेव्हा तिने सोडला. पोरीचा बाप म्हणून इतका ताठ मी कधी चाललो नव्हतो.

१ डिसें.
काल इनास मागच्या दाराशी. खोकत. छातीत शिट्टी, मला कॉर्नेटवाल्याला लगेच ऐकू आली. "तुझा तो पंप जरा दे. कोनाला सांगू नको, पोरीची सोयरीक ठरतेय."
म्हटलं, पंप देणार नाही, डॉक्टर देईन. पुढच्या दाराने ये, पाटी आहे.
"लोकं बघतील."
"माझं बघितलंच ना?"
विहिरीपर्यंत गेला, मागे वळला. बघतो म्हणाला.

२ डिसें.
दवाखाना उघडल्यापासून बाकावर बसलोय. फिलूने विचारलं, "पप्पा, काय होतंय तुम्हाला?" म्हटलं, काही नाही, तुझे पेशंट बघ.
शेजारची जागा टोपी ठेवून धरली आहे.